भागी कोणाची

आमच्या घरात नाव नसलेली वस्तू नव्हती. तांब्या, पातेली, बादली, छत्रीचा दांडा, आजोबांचा पितळी अडकित्ता, सगळ्यांवर 'बा. गो. पिं.' ही अक्षरं. बाळकृष्ण गोविंद पिंपळखुटे, म्हणजे माझे बाबा. भांड्यांवर नाव घालणारा भैया हाका देत जबलपूरजवळच्या खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरांमधून फिरायचा तेव्हा इतर घरांतून एखाददुसरी नवी वाटी बाहेर यायची. आमच्याकडे बाबा घरी असले की त्याला ओट्यावर बसवून चहा दिला जायचा आणि आईचं स्वयंपाकघर रिकामं व्हायचं. छिन्नीची टिकटिक दुपारभर चाले. डब्यावर नाव, डब्याच्या झाकणावर नाव, आणि चिमटा कुठेही जाऊ शकतो म्हणून चिमट्यावरही नाव. आई चिडत नसे. पदराने तोंड पुसत म्हणे, "आता माझं कपाळ तेवढं राहिलं. तिथंही घालून घ्या." भैया खो खो हसायचा, बाबा मात्र नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. गंमत म्हणजे एवढी नावं घालूनही आमची निम्मी भांडी कायम शेजाऱ्यांकडे आणि त्यांची आमच्याकडे असत. गोळाभात घेऊन गेलेलं पातेलं उकडलेले सिंघाडे घेऊन परत येई. रिकामं भांडं परत करणं आमच्या लाइनीत वाईट समजत.

बाबांच्या या नाव घालण्याच्या वेडाचा अर्थ मला फार उशिरा लागला. ते फॅक्टरीत भरणीच्या विभागात होते, म्हणजे तोफेच्या गोळ्यांमध्ये दारू भरतात तिथे. त्या दारूने त्यांची बोटं आणि नखं हळद खेळल्यासारखी पिवळी असत. कितीही साबण लावला तरी तो रंग जात नसे, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांनाही तो लागे. फॅक्टरीत काय बनतं हे सगळ्या जबलपूरला ठाऊक होतं, पण घरात त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असा नियम होता. भोंगा झाला की गणवेशातल्या माणसांच्या सायकली रांझीच्या बाजूने लोंढ्याने येत, गेटवर खिसे उलटे करून काडेपेटी-विडी नाही ना हे दाखवत, आणि आत गेलेला माणूस परत भोंगा होईपर्यंत जगाला उरत नसे. रेंजवर गोळ्यांची चाचणी व्हायची तेव्हा धप्प आवाज यायचा, आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "बघ, तुझे बाबा बोलून राहिले." एकदा जेवताना बाबा आईला म्हणाल्याचं मला आठवतं. "आम्ही बनवतो त्यावर नंबर असतो. बनवणाऱ्याचं नाव नसतं. आणि जिथं जातं तिथं ते फुटूनच जातं. मागं काही राहत नाही." असं बोलून त्यांनी ताक मागितलं. त्यांना ताकात साखर लागायची, आणि आम्हा पोरांना त्याचं फार हसू यायचं.

मग लढाईची वर्षं आली. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवला गेला, पुरुषांना एकावर एक पाळ्या लागल्या, आणि दुपारच्या वेळी आमच्या लाइनीत नुसत्या बाया उरल्या. जवानांसाठी स्वेटर विणायचे म्हणून खाकी लोकरीचे गड्डे घरोघर वाटले गेले होते. लोकर फार खरखरीत होती, बोटांना सोलायची. जेवणं आटोपली की आमच्या क्वार्टरच्या मागे बिहीच्या झाडाखाली चटया पडत. जबलपुरात पेरूला बिही म्हणतात. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात फळवाल्याकडे बिही मागून हसं करून घेतलं होतं. तर त्या झाडाखाली बाया बसत. सुयांचा आवाज, मधूनच मटारच्या शेंगा सोलल्याचा आवाज, पाटीभर टरफलं, आणि गोष्टी. मीही विणायचे. माझ्याकडे बाह्या दिलेल्या असत, कारण बाही चुकली तर उसवायला सोपी. कोणा बिचाऱ्या जवानाला माझा स्वेटर मिळाला असेल आणि त्याचा एक हात लांब नि एक आखूड निघाला असेल, तर त्याने मला क्षमा करावी.

गोष्टी सांगण्याची तिथे एक रीत होती. कोणी ठरवलेली नव्हती, पण मोडतही कोणी नव्हतं. स्वतःच्या घरातलं काही सांगायचं तर 'मी' म्हणायचं नाही. 'एक बाई होती' असं म्हणायचं. एक बाई होती, तिची सासू तिला मोजून पोळ्या द्यायची. एक बाई होती, तिला शिकायचं होतं नि बापाने पुस्तकं चुलीत घातली. सांगणारीचे डोळे विणकामावर, ऐकणाऱ्यांचेही विणकामावर. ती बाई कोण हे सगळ्यांना कळायचं आणि कोणी विचारायचं नाही. ऐकणाऱ्यांनी फक्त 'हं' म्हणायचं. दुसरी एखादी मग धागा उचलायची. "हो बाई, त्या बाईनं पुढं असं केलं म्हणे..." आणि त्यात स्वतःचं थोडं मिसळून द्यायची. रडू आलं तर ते गोष्टीतल्या बाईसाठी आलं असं समजायचं. आज शहरात दुःख सांगायला लोक वेळ ठरवून डॉक्टरकडे जातात. आमच्या बाया खाकी लोकरीच्या दोन ओळींमध्ये तेच करत होत्या.

या सगळ्या बायांची मिळून एक बाई केली ती आईने. तिला नाव दिलं भागी. आईचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पण गोष्ट कुठे थांबवायची हे तिला जन्मतःच ठाऊक होतं. आज एकीची पोळ्या मोजणारी सासू, उद्या दुसरीची जळालेली पुस्तकं, सगळं भागीच्या वाट्याला. ऐकणाऱ्यांचा 'हं' आला नाही तर ती पुढे बोलत नसे. सुया थांबवून म्हणायची, "झोपल्या का सगळ्या? मग राहू द्या." की लगेच सगळ्यांचा मोठ्याने 'हं'. त्यातला सर्वांत मोठा 'हं' गोदामावशींचा.

गोदामावशी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. वामनभाऊ म्हणून त्यांचे भाऊ फॅक्टरीत होते, त्यांच्याकडे. उंच, काळ्यासावळ्या, ठसठशीत कुंकू. यजमान कलकत्त्याला नोकरीला असतात, तिथे जागा मिळत नाही म्हणून ही माहेरी, असं वामनभाऊ सगळ्यांना सांगत. एका दुपारी मावशी लोकरीचा गुंता सोडवता सोडवता म्हणाल्या, "एक बाई होती बाप्पा. लगीन होऊन सासरी चालली होती. गोंदियाच्या फलाटावर नवऱ्यानं बसवलं तिले. म्हणे, बस इथी, पाणी घेऊन येतो. अन् गेला." सगळ्यांचा 'हं'. "गेला तं गेलाच." यावर 'हं' कोणी म्हणालं नाही.  मग आईने हळूच म्हटलं, "भागी बसली तिथं. बसलीच." आणि मावशींनी मान हलवली. असा तो फलाट भागीच्या गोष्टीत आला. पुढे भागी त्याच स्टेशनावर राहिली, तिने कोणाकोणाच्या आधाराने चहाचं दुकान टाकलं, येणाऱ्या-जाणाऱ्या सवारीला ती पाणी पाजू लागली. हे पुढचं आईचं.

आई त्या गोष्टी लिहूनही ठेवायची, सणावाराच्या गडबडीत विसरू नयेत म्हणून. मराठी मंडळाचा एक हस्तलिखित अंक दर गणपतीत निघत असे, त्यात एकदोन देई. तिथून एक गोष्ट कोणीतरी उचलली आणि नागपूरकडच्या एका मासिकात स्वतःच्या नावावर छापून मोकळा झाला. बाबांच्या हाती तो अंक पडला तेव्हा त्यांचं जेवणात लक्ष लागेना. "चोरी आहे ही, सरळसरळ चोरी!" आई भाकरी थापत होती. म्हणाली, "गेली तर गेली. माझ्याकडे काय तुटवडा आहे का? दुसरी सांगीन." बाबा म्हणाले, "तुला कळत नाही. आज एक नेली, उद्या सगळ्या नेतील. मग तू कशाला लिहिशील?" आईने तव्यावरून वर पाहिलं. तिला तो प्रश्नच समजला नव्हता. लिहिण्याचा आणि कोणी नेण्याचा संबंध काय हे तिला कळेना, आणि तो संबंध कसा कळत नाही हे बाबांना कळेना. माझ्या आईबाबांचं भांडण असं कधी झालं नाही, पण ज्याला भांडण म्हणता येईल ते आयुष्यभर या एकाच ठिकाणी घुटमळत राहिलं.

बाबांनी मग मनावर घेतलं. सुटीच्या दिवसांत नागपूरला खेपा घालून त्यांनी प्रकाशक गाठला. पैशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकाच गोष्टीसाठी ते अडून बसले, की पुस्तकाचे हक्क लेखिकेकडेच राहतील. पुस्तकं आली तेव्हा बाबांनी पुडकं देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि पहिलं पान उघडून मला मोठ्याने वाचायला लावलं. 'भागीच्या गोष्टी. लेखिका: सौ. यमुना बाळकृष्ण पिंपळखुटे.' आणि त्यामागच्या पानावर, 'या पुस्तकाचे सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन.' ही ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. त्या ओळीवरून फिरणारी त्यांची पिवळी बोटं मला अजून दिसतात. माणूस किती आनंदात होता! तो सगळ्या लाइनीला खव्याची जिलबी वाटत फिरला. दुसऱ्या आठवड्यात सुताराकडून एक टेबल करवून आणलं, सागवानी, ड्रॉवरचं. खिडकीखाली ठेवलं आणि म्हणाले, "आता इथं बसून लिही. आता भीती नाही." आई तीन दिवस त्याच्याशी नवख्या पाहुण्यासारखी वागली. चौथ्या दिवशी तिने त्यावर मेथी निवडली.

आमचा अभय हायकोर्टात वकिली करतो. मी त्याला हे सांगते तेव्हा तो म्हणतो, "आई, आजोबा बरोबर होते. कायदा त्यासाठीच आहे. आपलं लिखाण आपलं राहील ही खात्री नसेल तर कोण कशाला रक्त आटवेल?" तो चुकीचं बोलत नाही. ज्याने गोष्ट उचलली तो चोरच होता. पोटासाठी लिहिणाऱ्याच्या ताटातली भाकरी कोणी ओढू नये हेही खरं. पण माझ्या आईने तिचं एकुलतं एक पुस्तक लिहिलं ते हक्क म्हणजे काय हे माहीत नसताना, आणि हक्क हातात आल्यावर एक ओळ लिहिली नाही. हे मी कुठल्या कलमात बसवू?

पुस्तक आल्यावर लगेच काही बिघडलं नाही. बायांनी ते हातोहात वाचलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतलं, आणि आपला तुकडा आला की शेजारणीला कोपराने ढोसलं. लढाई थांबली होती, पण लोकर यायची थांबली नव्हती, त्यामुळे दुपारी चालूच होत्या. भागी आता पुस्तकाच्या पुढे गेली होती. मंडळाने त्या वर्षी गणपतीत भागीचंच नाटक बसवायचं ठरवलं. भागी मी. माझ्याइतकी उंच मुलगी लाइनीत नव्हती एवढंच कारण. शिकवायला गोदामावशी. त्या कधी नाटकात नव्हत्या, पण फलाटाचा प्रवेश आला की आपणहून उठून यायच्या. "असं नाही व बसायचं. मांडी घालून काहून बसली? तिले वाटते ना, आत्ता येईल अन् उठा लागेल. पाय मुडपून बस. गाठोडं मांडीवर घे, खाली नको ठेवू." मी तशी बसले की त्या लांबून बघायच्या आणि निघून जायच्या.

ज्या दिवशी सगळं झालं त्या दुपारी आईने गोष्ट अशा जागी आणली होती की बाया विणायचं विसरल्या. भागीच्या दुकानाशी एक माणूस येतो. केस पिकलेले. तिच्याकडे पाठ करून, गाडीकडे बघत उभा राहतो आणि म्हणतो, बाई, पाणी द्या. भागी लोटा भरते. आवाज तिला ओळखीचा वाटतो. आई थांबली, लोकर गुंडाळू लागली. "पुढं?" सगळ्या ओरडल्या. "तोच होता का व?" गोदामावशींनी विचारलं. आई हसली. "उद्या."

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत तालीम होती. वामनभाऊ पेटीवर, दोनचार पुरुष पडदा बांधायला, बायापोरं सतरंजीवर. बाबा पाळी संपवून थेट आले होते, हातात पुस्तक घेऊन. ते प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून ऐकत होते. फलाटाचा प्रवेश आला. माझ्याजवळ एक प्रवासी येऊन पाण्याचा पेला पुढे करतो आणि मी, मावशींनी शिकवल्याप्रमाणे, तोंड फिरवून म्हणते, "नको. ते येतच आहेत पाणी घेऊन."

"थांबा," बाबा म्हणाले. "हे पुस्तकात नाही."

कोणीतरी म्हणालं, "मावशींनी घातलं ते. चांगलं वाटते."

"चांगलं असेल. पण पुस्तकात नाही." बाबा रागावले नव्हते. भांड्यावरचं पुसट नाव पुन्हा ठळक करावं तशा शांतपणे ते समजावत होते. "सर्व हक्क लेखिकेचे आहेत. तिच्या परवानगीशिवाय एक शब्द घालता येत नाही. तसं झालं तर मग ते पुस्तक तिचं कसं राहील?"

आई चहाची किटली घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "राहू द्या ना हो. असू द्या ते वाक्य."

"तू मध्ये पडू नको. हे तुझ्याचसाठी आहे." मग मावशींकडे वळून, अगदी आदराने, "तुम्हीच सांगा गोदाताई. भागीनं पाणी नाकारलं हे कशावरून? तिला तहान लागली नसेल का?"

"लागली होती," मावशी म्हणाल्या. "पण नाई प्याली."

"पण तुम्हाला काय माहीत?"

बाबांना खरंच ठाऊक नव्हतं. पुरुषांपैकी कोणालाच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने भागी माझ्या आईच्या डोक्यातून निघाली होती, जशी लेखकांच्या डोक्यातून माणसं निघतात. बिहीच्या झाडाखाली काय चालतं हे कधी त्यांच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं, आणि बायांनी सांगितलं नव्हतं. आईने हातातली किटली खाली ठेवली. मला वाटतं तिला पुढचं दिसलं होतं, पण बोलायला तिला वेळ मिळाला नाही.

"मले नाई माहीत तं कोणाले माहीत, भाऊजी?" मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मीच बसली होती ना तिथी."

पेटीचा भाता वामनभाऊंच्या हातातून सुटला आणि एक लांब, बेसूर स्वर निघून थांबला. ते उठले आणि कोणाकडे न बघता बाहेर गेले. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. कलकत्त्याची नोकरी, न मिळणारी जागा, इतकी वर्षं नीट सांभाळलेलं सगळं त्या सतरंजीवर उघडं पडलं. बाबांच्या हातात पुस्तक तसंच उघडं होतं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. ते दुष्ट नव्हते हो. ज्या बाईला त्यांनी एवढ्या आदराने ताई म्हटलं तिला आपण कोणत्या प्रश्नाला उभं केलं हे त्यांना एका क्षणात कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

आई मावशींजवळ गेली. "गोदा, मी लिहायलाच नको होतं."

मावशींनी माझ्या मांडीवरचं गाठोडं उचललं, त्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "लिहिलं त्याचं काई नाई व. चांगलंच लिहिलं. पण ते तुझं एकटीचं म्हणून काहून लिहिलं? आता ते माझं आहे हे मले सांगा लागलं ना."

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. ते वाक्य मला कळलं नाही, फक्त लागलं. आता कळतं. भागी कोणाची हे जोवर कोणी विचारत नव्हतं तोवर ती सगळ्यांची होती आणि तिच्याआड प्रत्येकीला उभं राहायला जागा होती. पहिल्या पानावर एक नाव आलं, मागच्या पानावर एक ओळ आली, आणि मग दुसरं नाव पुढे येणं भागच होतं.

नाटक झालं नाही. दुपारच्या चटया दुसऱ्या दिवशीही पडल्या, बाया आल्या, मावशीही आल्या. त्यांना यायचं धैर्य झालं याचं मला अजून नवल वाटतं. पण भागीचं पुढे काय हे कोणी विचारेना. दोन-चार दिवसांनी एकीने सवयीने सुरुवात केली, "एक बाई होती..." आणि दुसरीने हसत म्हटलं, "सांभाळून बोल बाई, पिंपळखुट्यांचा शिक्का बसंल!" सगळ्या हसल्या. आईही हसली. ती थट्टा होती, त्यात विष नव्हतं. पण जिने सुरुवात केली होती तिने पुढे सांगितलं नाही. मग महागाईवर, पोरांच्या परीक्षांवर, सदर बाजारातल्या साड्यांवर गप्पा होऊ लागल्या, ज्या कुठेही होतात. लोकर संपली तेव्हा चटया पडायच्याही थांबल्या.

प्रकाशकाने दुसरं पुस्तक मागितलं. बाबांनी टेबल पुसून ठेवलं, दौत भरून ठेवली, घरात पोरांना दबक्या आवाजात बोलायला लावलं. आई बसायची. खिडकीतून बिहीचं झाड दिसायचं. थोड्या वेळाने उठून म्हणायची, "दूध उतू जाईल." बाबांनी फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर अधारतालला घर बांधलं, त्यात ते टेबल आलं. भांड्यांवर नावं घालणं मात्र त्यांनी त्या गणपतीनंतर सोडलं. भैया हाक देत यायचा आणि तसाच पुढे जायचा. शेवटच्या आजारात एकदा ते आईला म्हणाले, "मी तुझं सांभाळायला गेलो, यमुने. वाटलं, माझं काही राहिलं नाही, तुझं तरी राहावं. पण तू त्या टेबलावर काहीच लिहिलं नाहीस." आई त्यांच्या पायांना तेल लावत होती. म्हणाली, "लिहिलं असतं हो. 'हं' म्हणायला कोणी नव्हतं ना." त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच बाबांनी तोंड भिंतीकडे केलं असावं.

दोघंही जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या थंडीत नागपूरहून एका मुलीचा फोन आला. तिला जुन्या रद्दीत आईचं पुस्तक सापडलं होतं, तिला ते पुन्हा छापायचं होतं. "हक्क तुमच्याकडे असतील ना आजी?" असतात. अभयने समजावून सांगितलं, लेखक गेल्यानंतरही कित्येक वर्षं हक्क वारसाकडे राहतो. म्हणजे जिने एक ओळ रचली नाही ती मी आज भागीची मालकीण. मी त्या मुलीला म्हटलं, थांब, मला एका ठिकाणी विचारून यावं लागेल.

गोदामावशी रांझीला वामनभाऊंच्या नातवाकडे असतात. अभयने मला गाडीने सोडलं. खाटेवर एवढंसं शरीर, पण कुंकू तसंच, थोडं वाकडं लावलेलं. नातसून म्हणाली, "आजी, देखो कौन आया." मावशींनी मला ओळखायला वेळ घेतला, मग माझा हात चाचपून म्हणाल्या, "यमुनाची तू. बाही आखूड विणे ते." मी त्यांना पुस्तकाचं सांगितलं. म्हटलं, "मावशी, तुम्हाला विचारायला आले. तुम्ही नको म्हणाल तर नाही छापणार. आणि हो म्हणाल तर ती हक्काची ओळ काढून टाकायला सांगणार आहे." मनातल्या मनात हे वाक्य मी बरेच दिवस घोळवलं होतं. त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकावं, आमच्या घरावरचं ओझं उतरावं, असंही मनात होतं, खोटं कशाला बोलू.

मावशींनी ते नीट ऐकलंच नसावं. त्या थोड्या उठून बसल्या, पाय मुडपून, उशी मांडीवर घेऊन.

"ते छापा नाई तं काई करा," म्हणाल्या. "तो पाणी मागाले आलता, पाठ करून उभा. तो तोच होता का व? यमुना उद्या सांगतो म्हणे. मंग काही सांगतलंच नाई तिनं. तुले सांगतलं असंल ना?"

मला आईने सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. एवढी वर्षं एका घरात, एका चुलीशी, आणि हे एक विचारायचं राहून गेलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "एक बाई होती..."

"हं," मावशी म्हणाल्या, आणि वाट बघू लागल्या.

मला पुढचं येत नव्हतं.